नर माशाच्या रक्तातील बलक

नर मासा अंडी घालत नाही. त्यामुळे अंड्यातील बलक तयार करण्याचे त्याला काही कारणही नसते. तरीही त्याच्या यकृताच्या प्रत्येक पेशीत बलकाच्या पूर्वरूपाचे, म्हणजे व्हिटेलोजेनिन या प्रथिनाचे जनुक असतेच. मादीमध्ये अंडाशयातून आलेले इस्ट्रोजेन हे जनुक चालू करते, यकृत भराभर प्रथिन बनवू लागते आणि रक्तावाटे ते अंड्यांपर्यंत पोहोचते. नरामध्ये हे जनुक जवळजवळ मूकच असते. म्हणूनच नर माशाच्या रक्तात व्हिटेलोजेनिन मोठ्या प्रमाणात सापडले, तर त्याचा अर्थ लावायला फार कष्ट पडत नाहीत. बाहेरून कोणीतरी इस्ट्रोजेनचा सांगावा घेऊन आले आहे आणि यकृताने तो खरा मानला आहे.

इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांखालच्या पाण्यात नर आणि मादी या दोहोंची लक्षणे असलेले रोच जातीचे मासे आढळू लागले, तेव्हा जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून अशा केंद्रांच्या मुखाशी काही आठवडे ठेवले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात व्हिटेलोजेनिनचे रक्तातील प्रमाण काही ठिकाणी हजारो पटींनी वाढलेले दिसले. कारण कोणते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. संशय गर्भनिरोधक गोळीतील इथिनिल इस्ट्राडायोलवर होता, तसाच डिटर्जंटच्या विघटनातून येणाऱ्या अल्किलफेनॉलांवरही होता. पुढे १९९८ मध्ये असे दाखवले गेले, की घरगुती सांडपाण्यात मोठा वाटा माणसाच्या शरीरातूनच बाहेर पडणाऱ्या नैसर्गिक इस्ट्रोजेनांचा आणि त्याबरोबर गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेनचा होता. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. परिणाम आधी मोजला गेला, रसायनाचे नाव नंतर कळले. भारतातील नद्यांच्या बाबतीत या क्रमाचा आग्रह धरण्याची वेळ आली आहे.

संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांविषयीच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. ‘अमुक रसायनामुळे माशांमध्ये कर्करोगाची जनुके सक्रिय’ अशा धर्तीचा मथळा अधूनमधून येतो, दोन दिवस फिरतो आणि विरून जातो. त्यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, आता मासे खाणेच सोडावे. दुसरी म्हणते, माशाला गाठ झालेली नाही, माणसाला तर नाहीच, मग भीती कसली? दोन्ही प्रतिक्रिया एकाच गैरसमजातून येतात. जनुकाची अभिव्यक्ती बदलली म्हणजे कर्करोग झाला, असे पहिलीला वाटते. कर्करोग झाला नाही म्हणजे काहीच घडले नाही, असे दुसरीला वाटते. मधल्या जागेत विज्ञानाला काय माहीत आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

आधी यंत्रणा. इस्ट्रोजेनचा रेणू पेशीत शिरतो आणि तेथील ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतो. चिकटताच त्या प्रथिनाचा आकार थोडा बदलतो, अशा दोन प्रथिनांची जोडी जमते आणि ही जोडी डीएनएवरील एका ठरावीक अक्षररचनेवर जाऊन बसते. त्या जागेच्या आसपासची जनुके मग वाचली जाऊ लागतात किंवा वाचली जायची थांबतात. डीएनएतील एकही अक्षर यात बदललेले नसते, बदलते ती वाचनाची गती. ग्राही प्रथिन रेणूचे कूळ विचारत नाही. रेणूचा आकार आणि विद्युतभाराची मांडणी पुरेशी जुळली, की ते त्याला आत घेते. बिस्फेनॉल-ए ची पकड इस्ट्राडायोलच्या मानाने हजार ते दहा हजार पट सैल आहे, तरी ती पकड आहेच. नॉनिलफेनॉल, डीडीटीचे काही प्रकार, एन्डोसल्फान यांचीही गोष्ट अशीच. कुलपाला मूळ किल्ली एकच असली तरी वाकडी तार घालून ते उघडणारे पुष्कळ असतात.

या कुलपाचा कर्करोगाशी संबंध कसा येतो, हे एका प्रयोगशाळेतील अपघाताने फार स्पष्टपणे दाखवले. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळाले तरच जोमाने वाढतात, आणि इस्ट्रोजेन काढून घेतलेल्या बशीत त्या जवळपास स्वस्थ असायला हव्यात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकदा त्या इस्ट्रोजेनशिवायच वाढू लागल्या. बराच शोध घेतल्यावर दोष प्लास्टिकच्या नळ्यांकडे गेला. नळ्यांच्या पॉलिस्टायरीनमध्ये मिसळलेले नॉनिलफेनॉल द्रवात झिरपत होते. १९९१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोणीही औषध म्हणून बनवलेला नसलेला, प्लास्टिक टिकावे म्हणून घातलेला एक पदार्थ कर्करोगाच्या पेशींना वाढीची आज्ञा देत होता. पेशींच्या लेखी आज्ञा कोणाकडून आली याला महत्त्व नव्हते.

येथे ‘वाढीची आज्ञा’ आणि ‘कर्करोगाची सुरुवात’ हा भेद नीट ठेवला पाहिजे. हा भेद शिकवण्यात माशांचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९६० मध्ये अमेरिकेतील ट्राउट पैदास केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथच पसरली. साथ म्हटले तरी जंतू नव्हता. खाद्यातील सरकीच्या पेंडीवर बुरशी चढली होती आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन आले होते. भुईमुगाच्या दाण्यांमुळे हे नाव भारतीय वाचकांना परिचित असेल. अफ्लाटॉक्सिन डीएनएवरच घाव घालते, म्हणजे सुरुवात करते. पुढे ऑरेगॉनमधील संशोधकांनी ट्राउटच्या पिलांना आधी अफ्लाटॉक्सिन दिले आणि नंतर त्यांतील काहींच्या खाद्यात इस्ट्राडायोल मिसळले. ज्यांना ते मिळाले त्यांच्यात यकृताच्या गाठी अधिक झाल्या. १९८९ मधील हा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन भूमिका वेगळ्या दिसतात. एक पदार्थ ठिणगी टाकतो, दुसरा वारा घालतो. संप्रेरकासारखे वागणारी बहुतेक रसायने या दुसऱ्या प्रकारची आहेत. भारतातील नदीत ठिणग्या टाकणारे पदार्थ कमी नाहीत. अर्धवट जळलेल्या इंधनातील बहुचक्रीय हायड्रोकार्बन आहेत, काही जड धातू आहेत. अशा पाण्यात वारा घालणाऱ्याला निरपराध म्हणता येत नाही.

आता त्या मथळ्यांकडे. ‘कर्करोगाशी संबंधित जनुकांची अभिव्यक्ती वाढली’ या वाक्यात मोजलेले असते ते काय? माशाचा यकृताचा तुकडा घेतात, त्यातील संदेशवाहक आरएनए वेगळा करतात आणि एखाद्या जनुकाच्या किती प्रती आहेत ते नियंत्रित गटाच्या तुलनेत मोजतात. पी-५३, मिक, रास, स्तनाच्या कर्करोगामुळे नाव मिळालेले बीआरसीए-१, इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अरोमाटेजचे जनुक, ही नावे अशा यादीत वारंवार येतात. यांतील पी-५३ चे उदाहरण विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. हे जनुक कर्करोग घडवत नाही, अडवते. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन्ही प्रती बिघडवल्या तर मज्जातंतूंच्या आवरणात घातक गाठी होतात, हे २००५ पासून माहीत आहे. म्हणजे माशातही त्याचे काम पहारेकऱ्याचेच आहे. मग एखाद्या अभ्यासात पी-५३ वाढले असे आले, तर ते वाईट की चांगले? डीएनएला इजा झाली म्हणून पहारा वाढला असेल, तर इजा ही वाईट बातमी आणि पहारा ही चांगली. शिवाय पी-५३ चे नियंत्रण मुख्यतः प्रथिनाच्या पातळीवर होते. प्रथिन सतत बनते आणि सतत मोडले जाते, इजा झाली की फक्त मोडणे थांबते. आरएनएच्या प्रती मोजणाऱ्याला यातले बरेचसे दिसतच नाही. दाराबाहेरच्या चपला मोजून घरात भांडण चालू आहे की लग्न, हे सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. झेब्राफिशमध्ये प्रथिने घडवणारी सुमारे २६ हजार जनुके आहेत. ती सगळी एकदम मोजली आणि सांख्यिकीची नेहमीची पाच टक्क्यांची चाळणी लावली, तर रसायनाचा काडीचाही परिणाम नसताना केवळ योगायोगाने तेराशे जनुके ‘बदललेली’ दिसतील. चांगले अभ्यास यासाठी दुरुस्ती करतात आणि काही करत नाहीत. भौतिकशास्त्रात नव्या कणाचा दावा मान्य होण्यासाठी योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली आणावी लागते. सजीवांकडून तितकी शिस्त मागणे अवाजवी होईल, पण तेराशे खोट्या पाहुण्यांतून खरा पाहुणा निवडताना थोडी तरी शिस्त हवीच. तिसरी अडचण तर गमतीची आहे. तुलनेसाठी ज्याची पातळी स्थिर समजतात असे एक संदर्भ-जनुक लागते, आणि नेहमी वापरली जाणारी काही संदर्भ-जनुके इस्ट्रोजेनमुळे स्वतःच हलतात. फूटपट्टीच तापून लांब होत असेल तर लांबी कशाची मोजली?

याचा अर्थ असे सगळे अभ्यास टाकाऊ, असा घेतला तर ती मोठी चूक ठरेल. व्हिटेलोजेनिनच्या बाबतीत यातील एकही अडचण फारशी उरत नाही. तेथे एकच जनुक आहे, त्याचे कारण माहीत आहे, नरात त्याची मूळ पातळी जवळपास शून्य आहे, बदल दीडपट नसून हजारपट असू शकतो, आणि आरएनएबरोबर प्रथिनही रक्तात मोजता येते. संकेत गोंगाटापेक्षा इतका मोठा असला की वाद घालायला जागा कमी राहते. कर्करोगाच्या जनुकांच्या लांबलचक याद्यांनी मथळे मिळतात, पण निर्णय घेण्याजोगी मोजणी या साध्या, जुन्या प्रथिनाने मिळते. ज्या कुलपाने हे जनुक उघडले, त्याच कुलपाने वाढीची आज्ञा देणारी इतर जनुकेही उघडतात. त्यामुळे व्हिटेलोजेनिन हे कर्करोगाचे निदान नसले तरी कर्करोगाला वारा घालणारी वाट उघडी आहे, याची ती खात्रीची खूण आहे.

आणि गाठ दिसेपर्यंत थांबावे असे म्हणणाऱ्यांनी डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉलचा इतिहास आठवावा. १९३८ साली तयार झालेले हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून अनेक वर्षे गर्भवती स्त्रियांना दिले गेले. मातांना त्या वेळी काही झालेले दिसले नाही. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींमधील योनीच्या एका अत्यंत दुर्मिळ कर्करोगाचा माग काढला, तेव्हा तो त्यांच्या जन्माआधी आईने घेतलेल्या गोळ्यांपर्यंत पोहोचला. कारण आणि परिणाम यांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर होते. औषधाची मात्रा अर्थातच मोठी होती, नदीच्या पाण्याशी तिची बरोबरी नाही. तथापि गर्भावस्थेत वाचनाची गती बदलली, की तिचा हिशेब बऱ्याच उशिरा समोर येऊ शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मात्रेचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. विशेषतः ‘एका लिटरात पाच नॅनोग्रॅम म्हणजे काहीच नाही’ हा आक्षेप वारंवार येतो. ऑलिम्पिकच्या तरणतलावात २५ लाख लिटर पाणी मावते. त्यात पाच नॅनोग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात इथिनिल इस्ट्राडायोल मिसळायचे तर साडेबारा मिलिग्रॅम पुरते, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कमी. ऐकताना हे नगण्यच वाटते. पण वजनाऐवजी रेणू मोजले तर चित्र पालटते. त्याच पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे एक हजार कोटी रेणू असतात. मासा दिवसभर कल्ल्यांवरून पाणी वाहू देतो आणि चरबीत विरघळणारे हे रेणू शरीरात साठत जातात. संप्रेरकांची सारी व्यवस्थाच अशा विरल संदेशांवर चालण्यासाठी घडलेली आहे. माणसाच्या रक्तातले इस्ट्राडायोलही मिलिलिटरला काही पिकोग्रॅम ते काहीशे पिकोग्रॅम एवढेच असते. ‘विष मात्रेत असते’ हे सूत्र येथे खोटे ठरत नाही, फक्त मात्रेची पट्टी फार खाली सरकवावी लागते.

ती किती खाली, हे कॅनडात प्रत्यक्ष तपासले गेले. ऑन्टारिओच्या वायव्येकडील प्रायोगिक सरोवरांपैकी २६० क्रमांकाच्या सरोवरात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे इथिनिल इस्ट्राडायोल सोडले. पाण्यातील प्रमाण लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम इतके राखले. फॅटहेड मिनो या लहान माशाच्या नरांनी व्हिटेलोजेनिन बनवायला सुरुवात केली, त्यांच्या वृषणांची वाढ खुंटली, आणि थोड्याच काळात त्या जातीची संख्या जवळजवळ कोसळली. हा मासा जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो, एखाद-दोन हंगामांची पिले बुडाली तरी त्याला ती तूट भरून काढता येत नाही. या सरोवरात माशांना गाठी झाल्या नाहीत, जातीच नाहीशी होऊ लागली. कर्करोगाच्याच भिंगातून पाहणाऱ्याला हा निकाल ‘नकारात्मक’ दिसला असता.

एकेका रसायनाची सुरक्षित मर्यादा ठरवण्याची पद्धत आणखी एका ठिकाणी अडखळते. लंडनमध्ये आंद्रेआस कोर्टेनकाम्प यांच्या गटाने इस्ट्रोजेनसारखी आठ दुर्बळ रसायने घेतली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी ठेवली की एकट्याने कोणताच ठळक परिणाम दिसू नये. आठही एकत्र केल्यावर परिणाम स्पष्ट दिसला. २००२ मधला हा प्रयोग पेशींवर होता. २००५ मध्ये माशांवरही, व्हिटेलोजेनिन हीच खूण वापरून, असेच आढळले. सगळे एकाच कुलपाला झोंबत असतील तर त्यांची बेरीज होणार, हे अपेक्षितच होते. नियमांची पुस्तके मात्र अजून बहुतांशी एकेका नावासमोर एकेक आकडा लिहिण्याच्या पद्धतीवर चालतात. आठही जण आपापल्या मर्यादेत आहेत आणि पाणी मात्र मर्यादेबाहेर आहे, अशी स्थिती त्या पुस्तकांना दिसूच शकत नाही.

भारतात हे सारे कोणत्या पार्श्वभूमीवर घडते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांवर. उरलेले नाल्यांतून नदीत जाते. इंग्लंडमधील ते मासे प्रक्रिया केलेल्या पाण्यात बिघडले होते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ अधिक बोचतो. यमुनेचा दिल्लीतील वजिराबाद ते ओखला हा पट्टा अवघा २२ किलोमीटरचा आहे. उन्हाळ्यात वरच्या बाजूने ताजे पाणी जवळपास येतच नाही, आणि त्या दिवसांत नदीचा प्रवाह बहुतांशी नाल्यांचाच असतो. विरल होण्यासाठी जे पाणी लागते तेच नसते.

गर्भनिरोधक गोळीकडे बोट दाखवण्याचा मोह येथे आवरायला हवा. सरकारी योजनेतील माला-डी या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल असते. ते सगळेच्या सगळे पाण्यात गेले असे मानले, तर सहा हजार लिटर पाणी पाच नॅनोग्रॅमच्या पातळीला येईल. ही गणिते चटकन पसरतात आणि दोष बायकांच्या माथी मारून मोकळी होतात. वस्तुस्थिती अशी, की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे पाच टक्केच गोळी वापरतात. स्त्री-नसबंदीचे प्रमाण जवळपास ३८ टक्के आहे. भारतीय सांडपाण्यात नैसर्गिक इस्ट्रोजेनांचा, कपड्यांच्या धुलाईतून आणि वस्त्रोद्योगातून येणाऱ्या अल्किलफेनॉलांचा, प्लास्टिकमधील पदार्थांचा आणि कीटकनाशकांचा वाटा युरोपपेक्षा वेगळा असणार, हे उघड आहे. डीडीटी शेतीतून १९८९ मध्ये हद्दपार झाले, पण मलेरिया नियंत्रणासाठी राहिले. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, तीही कासरगोडच्या लोकांनी दीर्घ लढा दिल्यानंतर. युरोपची रसायनांची यादी उतरवून घेतली आणि तेवढीच तपासली, तर येथील नदीचा खरा दोषी कदाचित यादीबाहेरच राहील.

म्हणूनच इंग्लंडचा तो क्रम महत्त्वाचा आहे. आधी परिणाम मोजावा, नाव नंतर शोधावे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो घेणारी माणसे नदीची शत्रू नाहीत. ज्या देशात दोन-तृतीयांशापेक्षा जास्त मैलापाणी तसेच वाहते, तेथे आधी विष्ठेतले जंतू रोखावेत की नॅनोग्रॅममधले संप्रेरक शोधत बसावे? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण मान्य करण्यासारखा आहे. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. शरीर इस्ट्रोजेन बाहेर टाकताना त्याला साखरेसारखा किंवा सल्फेटचा एक गट जोडून निष्क्रिय करते. मैलापाण्यातील जिवाणू त्यांच्या विकरांनी ती जोडणी तोडतात आणि संप्रेरक पुन्हा जागे होते. म्हणजे उघडी गटारे आणि सडत राहणारे मैलापाणी ही संप्रेरकांच्या पुनरुज्जीवनाची जागा आहे. उलट, नीट चालणारे साधे जैविक प्रक्रिया केंद्रसुद्धा नैसर्गिक इस्ट्रोजेनांपैकी मोठा भाग काढून टाकते. गोळीतील कृत्रिम रेणू अधिक चिवट असतो, त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसा लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना अशी जोड देण्याचा कायदा लागू केला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांवर टाकला आहे. भारताने लगेच ओझोनची यंत्रे बसवावीत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण केंद्र ‘चालू आहे’ हे कागदावर दाखवणे सोपे असते, त्या पाण्यातील नर माशाला फसवणे अवघड असते. पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी जी मानके अधिसूचित केली, त्यांत सामू, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, तरंगते घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू हे निकष आहेत. इस्ट्रोजेनसारख्या क्रियेचा त्यांत उल्लेख नाही.

ती क्रिया मोजणे खर्चिक आहे ही समजूतही तपासून घ्यावी. पाण्यातील प्रत्येक संप्रेरक नॅनोग्रॅमपर्यंत ओळखणारे वस्तुमान-वर्णपटमापक कोट्यवधी रुपयांचे असते, हे खरे. पण माणसाच्या इस्ट्रोजेन-ग्राहीचे जनुक घातलेल्या यीस्टवर आधारित चाचणी ब्रुनेल विद्यापीठात १९९६ मध्येच विकसित झाली. पाण्यात इस्ट्रोजेनसारखी क्रिया असेल तर द्रवाचा पिवळा रंग लाल होतो. क्रिया कोणत्या रसायनाने केली हे ती सांगत नाही, एकूण क्रिया किती आहे हे सांगते, आणि मिश्रणाची बेरीज तिच्यात आपोआप होते. जनुकीय बदल केलेले यीस्ट वापरायचे तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. अनेक विद्यापीठांत अशी समिती आधीच आहे.

माशांच्या बाबतीत भारताची बाजू तर भक्कम आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा झेब्राफिश मूळचा येथलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरील ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. दिल्लीच्या जनुकशास्त्र आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने २००९ मध्ये निसर्गातील झेब्राफिशचा जनुकसंच वाचल्याचे जाहीर केले. हा मासा प्रयोगशाळेत उत्तम, पण दिल्लीच्या नाल्याच्या मुखाशी पिंजऱ्यात तो टिकणार नाही. तेथे सिंगी किंवा मरळ कुळातील मासे उपयोगी पडतील. हे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, प्राणवायू संपलेल्या पाण्यातही तग धरतात, आणि देशातील प्राणिशास्त्र विभागांना त्यांच्यावर काम करण्याची अनेक दशकांची सवय आहे. सिंगी माशाच्या व्हिटेलोजेनिनवर दिल्ली विद्यापीठात काम झालेले आहे. एक मर्यादा लक्षात ठेवावी लागेल. हवेतून श्वास घेणाऱ्या माशाच्या कल्ल्यांवरून पाणी कमी वाहते, त्यामुळे त्याचा आकडा ट्राउटच्या आकड्याशी थेट ताडता येणार नाही. नाल्याच्या वरच्या बाजूचा सिंगी आणि खालच्या बाजूचा सिंगी यांची तुलना करता येईल, आणि पहिल्या टप्प्यात तेवढीच पुरेशी आहे.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक चाचणीत माशांना २१ दिवस संपर्कात ठेवून व्हिटेलोजेनिन मोजतात. तोच कालावधी पिंजऱ्यांना लावता येईल. पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवावा लागेल, नाहीतर मासे गुदमरतील आणि खापर रसायनांवर फुटेल. महिनाही निवडून घ्यावा लागेल. सिंगीचा विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो, आणि त्याच काळात नदीला पाणी येऊन सगळेच विरल होते. एप्रिल-मे हे दिवस त्यासाठी योग्य. तेव्हा नदीत नाल्याखेरीज दुसरे पाणी फारसे नसते आणि नर माशाच्या रक्तात जे काही सापडेल त्याचे श्रेय पावसाला देता येत नाही.